लेथवाल्याच्या नजरेनं जुने दगड कसे बघायचे

जुनी देवळं आणि शिल्पं बघायला शिकायचं असलं तर आधी बदामीला जाऊ नका. म्हणजे जा की, कोण अडवतंय, खरं पहिल्यांदाच तिकडं गेलात तर काय होतं ते मला माहीत आहे, माझंच झालंय. पहाटे क्रूझर भरून निघायचं, बदामी पट्टदकल ऐहोळे तिन्ही एकाच दिवसात मारायचं, दुपारच्या उन्हात पोरं रडायला लागलेली, गाईड भराभरा कायतरी सांगतोय, आपण प्रत्येक खांबाला टेकून एकेक फोटो काढतोय आणि रात्री बेळगावात उतरल्यावर डोक्यात एकच गोष्ट शिल्लक, माकडं लई होती तिथं. गॅलरीत तीनशे फोटो आणि त्यातला कुठला कुठल्या देवळाचा हे दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

मी बेळगावच्या उद्यमबागेत, म्हणजे कारखान्यांच्या भागात, टर्नर आहे. अठरा वर्षं लेथवर, म्हणजे जॉब गोल फिरवून कापायच्या मशीनवर, उभा आहे, शाळेत इतिहासात काठावर पास झालेला माणूस. तरी मित्र विचारतात की तू त्या दगडापुढं तासभर काय बघतोस रे, आम्हाला तर पाच मिनिटांत कंटाळा येतोय. त्यांच्यासाठीच हे लिहितोय, आणि ज्यांना वाटतं की ह्यातलं काय कळायला संस्कृत यायला पाहिजे किंवा डिग्री पाहिजे त्यांच्यासाठी पण. तसं काय नसतंय. आपल्या हाताला जे काम येतं त्या कामाच्या बाजूनं आत शिरायचं. सुतार असाल तर सांधे बघा, शिवणकाम करत असाल तर मूर्तीच्या नेसूच्या चुण्या आणि दागिने बघा, गवंडी असाल तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त दिसणार आहे.

माझं कसं झालं सांगतो. पाहुणे आले होते, त्यांना बेळगावचा किल्ला दाखवायला नेलं आणि तिथल्या कमल बसदीत, म्हणजे जैन देवळात, शिरलो. त्याआधी पन्नास वेळा तिथनं गेलो असेन. त्या दिवशी पाहुणे आत दर्शनाला आणि मी मंडपात एका खांबाजवळ उभा, उजेड बाजूनं येत होता, आणि खांबाच्या गोल भागावर बारीक बारीक कंगोरे दिसले, एकाखाली एक, सगळे समांतर, अंतर सारखं. मी जरा वाकून बघितलं आणि डोक्यात एकदम आलं, अरे हे तर टर्निंग आहे! हे छिन्नीनं मारलेलं नाही, हे फिरवून काढलंय. कॉलर आहे, ग्रूव्ह आहे, रेडियस दिलाय, परत कॉलर. माझ्या मशीनवर मी जे रोज करतो तेच, फक्त जॉब दगडाचा आणि माणसाएवढा उंच, आणि साल १२०४.

नंतर कळलं की हे जगजाहीर आहे. कल्याणीच्या चालुक्यांच्या काळापासनं, म्हणजे साधारण अकराव्या शतकापासनं आपल्या ह्या भागात खांब फिरवून काढायची पद्धत रुळली. त्यासाठी दगड पण तसा निवडलेला असायचा, बारीक कणांचा, खाणीतनं काढल्यावर मऊ, सोपस्टोनच्या जातीचा, जो पॉलिश केला की आरशागत चमकतो. आपला जांभा असा फिरवून बघा, भोकं आणि तुकडे ह्याशिवाय काय हाताला लागणार नाही. आता तो एवढा दगड उभा धरून फिरवायचे की आडवा, ह्यावर जाणकारांच्यात अजून वाद आहे. माझं मत विचाराल तर एवढा जड जॉब आडवा दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन टोकांच्या टेकूंमध्ये, धरायचा म्हणजे सेंटरचंच वाटोळं, मी उभा धरला असता. खरं मी काय त्या काळात नव्हतो.

तर पद्धत अशी. एक खांब निवडा, एकच. वीस मिनिटं त्याच्यापुढं बसा, मोबाईल खिशात ठेवा. खालनं वर जावा. खाली चौकोनी बैठक असते, मग कधी अष्टकोन, मग गोल, मध्येच परत एक चौकोनी ठोकळा सोडलेला असतो, वर एक घंटेसारखा किंवा घटासारखा फुगवटा, त्याच्यावर पातळ मोठी तबकडी आणि सगळ्यात वर चारी बाजूंना हात काढलेले ज्याच्यावर तुळई बसते. आता स्वतःला विचारा, ह्यातला कुठला भाग फिरवून झालाय आणि कुठला हातानं? चौकोन फिरवून होत नाही, म्हणजे तो भाग आधी सोडायला पाहिजे, वर खाली गोल करताना टूल तिथं लागता कामा नये. म्हणजे कारागिरानं दगडाला हात लावायच्या आधी अख्खा खांब डोक्यात काढलेला होता. आणि ती पातळ तबकडी बघा, मटेरियल किती काढून टाकलंय तेव्हा ती तेवढी बाहेर उरली आहे! माझा मालक असा ड्रॉइंग बघून म्हणाला असता एवढं स्क्रॅप कशाला, दोन पीसमध्ये करा. मग शेजारचा खांब बघा आणि दोघांत फरक शोधा. फरक असतोच. एखाद्या खांबाची पट्टी अर्धवट राहिलेली, कुठं मण्यांची ओळ एका बाजूला कोरलेली आणि भिंतीकडच्या बाजूला नुसती रेघ मारून सोडलेली. ती अर्धवट जागा सापडली की मला लई आनंद होतो, कारण तिथं कारागीर दिसतो. शनिवारी संध्याकाळी काम आवरलंय त्यानं.

वर बघायला विसरू नका. कमल बसदीचं नावच त्या छतातल्या कमळावरनं पडलंय, दगडाचं कमळ उलटं लोंबतंय. त्याच्या ७२ पाकळ्या सांगतात, कारण जैनांचे मागच्या काळाचे २४, चालू काळाचे २४ आणि पुढच्या काळाचे २४ असे तीर्थंकर. छत बघायचं तर मान दुखेस्तोवर वर बघायची गरज नाही, पुजाऱ्याला विचारून खाली बसा, मोबाईलचा सेल्फी कॅमेरा चालू करून मांडीवर ठेवा आणि आरशात बघितल्यागत बघा. ही बसदी बांधली ती रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बिचिराज यानं. रट्ट आधी सौंदत्तीचे, मग बेळगाव त्यांची राजधानी झालं, तेव्हा ह्या गावाचं नाव वेणुग्राम. आज आपण बेळगाव बेळगावी करत बसलोय, ते सोडा.

उजेड ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आणि ती फुकट आहे. दुपारी बारा वाजता बाहेरची शिल्पं बघायला जाऊ नका, ऊन डोक्यावरनं पडतं, सगळे नाकडोळे सपाट होतात. सकाळी नऊच्या आत किंवा चारच्या पुढं जावा, तिरपं ऊन पाहिजे. तेवढ्यानं जो शिलालेख तुम्हाला दुपारी खरखरीत भिंत वाटला होता तो अक्षर अक्षर उठून दिसतोय. देवळाच्या आत अंधार असला तर टॉर्च समोरनं मारायची नाही, बाजूला धरायची, भिंतीला चिकटवून जवळजवळ, म्हणजे सावली पडते. आमच्यात सरफेस बघायला पण असाच लाईट धरतात, समोरनं मारला तर ओरखडा दिसतच नाही. मोसम म्हणाल तर दिवाळीनंतर ते शिवरात्रीपर्यंत, खानापूर भागात पावसात सगळं शेवाळानं हिरवं असतं आणि जळवा वेगळ्याच.

आता वीरगळ. मला विचाराल तर शिकायला सुरुवात इथनंच करा, कारण तो तुमच्या गावात असतो, तिकीट नसतं, गर्दी नसते आणि तो वाचता येतो, अक्षरओळख नसली तरी. खानापूर, बेळगाव, हुक्केरी, चिक्कोडी कुठल्याही भागात जावा, मारुतीच्या देवळामागं, पिंपळाखाली, तळ्याच्या बांधावर, कुठंतरी उभा आयताकृती दगड आणि त्यावर पट्ट्या पट्ट्यांत चित्रं कोरलेली असतात. लढाईत मेलेल्या माणसाची आठवण आहे ती.

खालनं वर वाचायचं, हे एकदा लक्षात ठेवलं की झालं. सगळ्यात खालच्या पट्टीत तो मेला कसा ते. तलवार ढाल घेतलेले दोघं तिघं, घोडा असला तर घोडा, धनुष्य असलं तर धनुष्य. गुरं दाखवली असतील तर समजा गावची गुरं पळवायला आलेल्यांशी लढताना गेला, आणि असे वीरगळ खूप आहेत, कारण त्या काळात गुरं म्हणजेच बँक. त्याच्या वरच्या पट्टीत अप्सरा त्याला दोन्ही बाजूंनी धरून वर नेतायत. त्याच्या वरती तो हात जोडून शिवलिंगापुढं बसलेला, शेजारी पुजारी. आणि अगदी माथ्याला चंद्र सूर्य, म्हणजे ते आहेत तोवर ह्याचं नाव राहणार. कधी मध्ये कलश. शिवलिंगाच्या जागी बसलेला तीर्थंकर असला तर तो घरचा जैन. एवढं कळलं की पुढच्या गावात तुम्ही स्वतः वाचू शकता, मग फरक दिसायला लागतात. मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला वीरगळ आहेत त्यावर चक्क जहाजांची लढाई आहे. आणि कर्नाटकात अतकूरचा एक दगड आहे, दहाव्या शतकातला, आता बेंगळूरच्या म्युझियममध्ये, तो काळी नावाच्या कुत्र्यासाठी आहे, रानडुकराशी लढताना मेलेल्या. कुत्र्याचा वीरगळ! हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लेथ बंद करून शेजारच्या मशीनवरच्या पोराला सांगायला गेलो होतो.

सोबत अजून दोन तीन प्रकारचे दगड असतात, त्यांची गल्लत करू नका. कोपरात वाकलेला बाईचा हात, हातात बांगड्या, पंजा वर, असा दगड म्हणजे सतीचा. बघून बरं वाटत नाही, तरी तो पण आहे आणि होतं ते होतं. वर ध्यानाला बसलेला जिन, म्हणजे तीर्थंकर, आणि खाली गुरू आणि शिष्य, मध्ये पोथी ठेवायची ठवणी, असा दगड म्हणजे निषिधी, अन्नपाणी सोडून सल्लेखना घेऊन देह ठेवणाऱ्या जैन माणसाची आठवण. आणि बाई आणि गाढव असं चित्र दिसलं तर ती गद्धेगाळ, दान दिलेली जमीन कोण हडप करेल त्याच्या घरावर शिवी. त्या काळचा सात बारा समजा, फक्त तलाठ्याच्या सहीच्या जागी गाढव. शाळेच्या पोरांना घेऊन जाणार असाल तर काय सांगायचं ते आधी ठरवून ठेवा.

आमच्या पाहुण्यांच्या गावी, खानापूर तालुक्यात, असाच एक वीरगळ आहे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्याला इतका शेंदूर होता की तीन पट्ट्या आहेत की चार हे पण कळेना. मी जवळ जाऊन नखानं थोडं उकरायला बघतोय तेवढ्यात मागनं एक आज्जी, "काय करालास रे बाळा?"

म्हटलं, "आज्जी, ह्याच्यावर काय आहे ते बघतोय."

"काय असणार, देव हाय की तो आमचा. नख लावू नको त्याला."

मी म्हटलं आज्जी हा देव नव्हे, हा कोणतरी लढाईत गेलेला माणूस, त्याच्या आठवणीला हे केलंय. आज्जी म्हणाली, "मग तेच की. गावासाठी मेला तो देवच नव्हे?" मी गप्प. आणि खरंच, आठशे वर्षं त्या दगडाला रोज कोणीतरी पाणी घालतंय म्हणून तो रस्त्याच्या खडीत गेला नाही. तर नियम असा की ज्याचा देव आहे त्याला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, आणि शहाणपणा तर अजिबात शिकवायचा नाही. आज्जीनंच मग सांगितलं की जत्रेच्या आधी एकदा सगळा दगड धुतात, तेव्हा ये.

मूर्ती बघायची तर हीच युक्ती. देव कपड्यात आणि हारात असला की आपल्याला फक्त चेहरा दिसतो, त्यात डोळे चांदीचे बसवलेले. सकाळी अभिषेकाच्या वेळेला जावा, आधी पुजाऱ्यांना विचारा, बहुतेक जण आनंदानं सांगतात. मग चेहरा शेवटी बघायचा. आधी पाय, खाली वाहन कोण आहे. मग हात किती आणि हातात काय. मग मागची प्रभावळ, त्यात बारीक दशावतार कोरलेले असतात ते मोजा. विष्णूच्या चार हातांत शंख चक्र गदा पद्म एवढं सगळ्यांना ठाऊक असतं, खरं कुठल्या हातात काय ह्याच्यावरनं त्याची २४ नावं ठरतात. संध्येत आपण केशवाय नमः नारायणाय नमः म्हणतो तीच ती २४. देवाच्या उजव्या खालच्या हातापासनं सुरू करायचं, मग उजवा वरचा, डावा वरचा, डावा खालचा, म्हणजे आपण समोर उभं राहिलो तर घड्याळाच्या काट्यासारखं. पद्म शंख चक्र गदा असं आलं तर केशव. शंख पद्म गदा चक्र आलं तर नारायण. सगळी पाठ कशाला करताय, वहीत लिहून घ्या. आणि जैन मूर्तीला उगाच बुद्ध म्हणू नका, आमच्याकडं हे सारखं होतं. अंगावर वस्त्र नाही, डोक्यावर तीन छत्र्या एकावर एक, तर तो तीर्थंकर. डोक्यावर नागाचा फणा असला तर बहुतेक पार्श्वनाथ, बैठकीवर शंख असला तर नेमिनाथ, हरीण असलं तर शांतिनाथ. कमल बसदीत मुख्य मूर्ती नेमिनाथाची आहे, तिथंच सात फण्यांचा पार्श्वनाथ पण बघायला मिळतो. बसदीत जाताना चामड्याचा पट्टा पाकीट बाहेर, हे सांगायला नको.

हलशीबद्दल जरा सविस्तर लिहितो कारण आपल्या उशाशी असून लोक गोव्याला जातात आणि हलशीला जात नाहीत. खानापूरहून चौदा पंधरा किलोमीटर. गोव्याची कदंबा बस आपल्या स्टँडवर रोज बघता ना, ते कदंब म्हणजे हेच घराणं, आणि हलशी, जुनं नाव पलाशिका, ही त्यांच्या राजधान्यांतली एक. पाचव्या शतकापासनं. इथं ताम्रपट सापडले, त्यातल्या एकात युवराज काकुस्थवर्मा आपल्या श्रुतकीर्ती नावाच्या सेनापतीला जमीन देतोय, का, तर त्यानं आपला जीव वाचवला म्हणून. पंधराशे वर्षांपूर्वीचं थँक्यू.

तिथलं भूवराह नरसिंह देऊळ गोव्याच्या कदंबांच्या वेळचं, राजा पेर्माडी म्हणजे शिवचित्त, शिलालेख ११६९ चा. गंमत अशी की दोन गाभारे समोरासमोर आहेत. मध्ये मंडपात उभं राहायचं आणि एकदा इकडं एकदा तिकडं बघायचं. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा नमस्कार कुणाला आधी करायचा आणि पाठ कुणाला करायची ह्यातच दोन मिनिटं गेली. वराह बघताना भूदेवी कुठं आहे ते शोधा, कारण प्रत्येक ठिकाणी तिची जागा आणि आकार वेगळा असतो. नंतर बदामीच्या तिसऱ्या लेण्यात, जे ५७८ साली कोरलं, तिथला वराह बघाल तेव्हा सहाशे वर्षांत काय काय बदललं ते तुमचं तुम्हालाच दिसेल, गाईड लागणार नाही. म्हणून म्हटलं बदामी नंतर. देवळाचं बाहेरचं काम साधं आहे, सुरुवातीला वाटतं ह्यात काय, कोरीव काम कुठाय? मग लांब जाऊन बसा आणि नुसती बाह्यरेषा बघा. कदंब शिखर म्हणतात त्याची खूणच ती, पायऱ्या पायऱ्या रचत वर निमुळती होत गेलेली, फार नटवलेली नाहीत. मला हे जास्त आवडतं. होयसळांचं काम बघताना मला दम लागतो, खरं सांगतो, एवढी पण इंचभर जागा सोडायची नाही म्हणजे काय.

आणि कृपा करून प्रत्येक काळ्या दगडाच्या देवळाला हेमाडपंती म्हणू नका. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र यादवांचा मंत्री, तेराव्या शतकाचा दुसरा अर्धा. हलशीचं देऊळ त्याच्या शंभर वर्षं आधीचं. आजोबाला नातवाचं नाव लावल्यासारखं आहे हे. पांडवांनी एका रात्रीत बांधलं हे तर सोडूनच द्या, आमच्या जिल्ह्यात पांडवांनी इतक्या रात्री काम केलंय की वनवासात झोपले कधी हा प्रश्न पडतो. गोकाकजवळ कोन्नूरला दगडी फळ्यांची जी घरं आहेत त्यांना पण पांडवांची घरं म्हणतात, ती लोखंड वापरणाऱ्या अगदी जुन्या माणसांची थडगी आहेत. गोष्ट ऐकून घ्यायची, हसायचं नाही, आणि साल वेगळं लिहून ठेवायचं.

शिलालेखाचं सांगतो कारण इथं मी गाढवपणा केलाय. सुरुवातीच्या उत्साहात मी आणि एक मित्र खडू घेऊन एका गावातल्या लेखावर घासत होतो, अक्षरं पांढरी उठून दिसतात म्हणून, फोटो भारी आला. ज्यांना दाखवला ते एक निवृत्त सर इतके भडकले की मला वाटलं मारतात आता. खडू घासला की तो बारीक रेघांत बसतो, जिथं रेघ नाही तिथंही आपण रेघ काढून ठेवतो, आणि दगडाची झीज होते ती वेगळीच. पीठ, रांगोळी, तेल, कोळसा, सगळं सेम. जाणकार लोक ओला कागद लेखावर चिकटवून ब्रशनं ठोकून शाईचा ठसा घेतात, ते त्यांचं काम, आपलं नव्हे. आपण तिरप्या टॉर्चचा फोटो काढायचा, बाजूला पट्टी किंवा पेन ठेवून, म्हणजे माप कळतं.

वाचता येत नसलं तरी दोन गोष्टी करता येतात. एक, साल. जुन्या लेखांत बहुतेक शक असतं, त्यात ७८ मिळवायचे, महिन्यामुळं एखादं वर्ष इकडं तिकडं. दोन, लिपी आणि भाषा वेगळ्या गोष्टी आहेत हे डोक्यात ठेवायचं. किल्ल्यातली सफा मशीद १५१९ ची, असदखान लारीच्या वेळची. तिच्या दोन खांबांवर लेख आहेत, भाषा कानडी आणि लिपी नागरी! एक ११९९ चा, त्याच चौथ्या कार्तवीर्याचा, दुसरा १२६१ चा, यादव कृष्णाचा. म्हणजे जुन्या इमारतींचे खांब नंतर मशिदीत बसवले गेले आणि एकाच दारात रट्ट, यादव आणि आदिलशाही उभे. तिकडं श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी कानडी आणि तमिळ ओळींच्या सोबत मराठी ओळ आहे, श्रीचामुण्डराजें करवियलें. बोर्ड कुठल्या भाषेत लावायचा ह्यावरनं आपल्याकडं डोकी फुटतात, त्या माणसांनी एकाच दगडावर सगळ्यांची सोय केली होती. असो, हा विषय काढला की रात्र पुरत नाही. मशिदीच्या भागात लष्कराची हद्द आहे, आधी चौकशी करून, ओळखपत्र घेऊन जावा आणि नमाजाच्या वेळा टाळा.

म्युझियममध्ये जाताना एकच सल्ला, सगळं बघू नका. तीन वस्तू. कोल्हापूरच्या टाऊन हॉल म्युझियममध्ये ब्रह्मपुरीच्या उत्खननातल्या वस्तू आहेत, १९४५-४६ च्या सुमाराला खणलं होतं, त्यात ब्राँझचा छोटासा पोसायडन निघाला, ग्रीक लोकांचा समुद्रदेव, पंचगंगेच्या काठावर! व्यापार कुठनं कुठं होता बघा. आणि आपल्या शहरातलं वडगाव माधवपूर, जिथं आज माग चालतात, तिथं सातवाहनांच्या काळातलं गाव निघालं आहे, ब्राह्मी लेखाचा खांब पण मिळाला आहे. वडगावची माणसं मंगाई जत्रेला मला बोलवतात तेव्हा मी हे सांगतो आणि ती म्हणतात जेव आधी.

धातूच्या मूर्ती बघताना मागची बाजू बघायला मिळते का बघा, काचेच्या कपाटाला वळसा घाला. पुढनं देव, मागनं कास्टिंग. मेणाची मूर्ती करायची, वर मातीचं कवच, भाजलं की मेण वितळून बाहेर आणि त्या जागी धातू. आमच्या उद्यमबागेत इन्व्हेस्टमेंट कास्टिंग म्हणून व्हॉल्व्हचे पार्ट करतात ते तत्त्व हेच. म्हणून प्रत्येक मूर्ती एकमेव, साचा फुटतो. ताम्रपट बघाल तर पत्र्याच्या कडा बघा, बऱ्याचदा जरा उचललेल्या असतात, म्हणजे एकावर एक ठेवल्यावर मधली अक्षरं घासत नाहीत. आणि सगळे पत्रे एका कडीत ओवून कडीवर राजाची मुद्रा, कडी कापल्याशिवाय पान बदलता येऊ नये म्हणून. कोणीतरी बसून विचार केलाय ह्याचा.

घरातल्या वस्तूंचं लोक लई विचारतात. देव्हाऱ्यातले टाक, घंटा, जुनी समई, पंजोबांचा तांब्या. चिंचेनं किंवा पावडरनं घासून चकाचक करू नका, टाकावरचं खंडोबाचं नाक असंच घासून गेलेलं असतं. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, पूजेला लागतील ती भांडी वेगळी ठेवा. शंभर वर्षांच्या वरची मूर्ती, नाणं असल्या वस्तू १९७२ च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरतात, मूर्ती असली तर नोंदणी लागते आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. शेतात नांगरताना काय सापडलं तर १८७८ चा निखात निधीचा कायदा आहे, कलेक्टरला कळवावं लागतं, गुपचूप सोनाराकडं नेऊन वितळवायचं नाही. आणि तांदूळ ओढणारा तांब्या, राइस पुलर म्हणून कोटीची भाषा करत कोणी आलं तर चहा पण पाजू नका, आमच्या ओळखीतल्या एकानं त्यात म्हैस विकून पैसे घातलेत.

पहिल्या चार रविवारांसाठी रस्ता देतो. पहिला, तुमच्याच गावातला वीरगळ, वही घेऊन, चित्र काढायचं. चित्र वाईट येणार, येऊ दे, काढताना जे दिसतं ते फोटोत दिसत नाही. दुसरा, कमल बसदी, एक खांब. तिसरा हलशी, जमलं तर पुढं कित्तूरजवळ देगावचं कमलनारायण, राणी कमलादेवीनं बांधवलेलं, पेर्माडीची बायको, आणि तिथल्या कारागिराचं नाव आपल्याला माहीत आहे, तिप्पोज. राजांची नावं ढिगानं मिळतात, कारागिराचं क्वचित, म्हणून तिथं मी जरा जास्त वेळ थांबतो. चौथ्या रविवारी नदी ओलांडून खिद्रापूर, कोपेश्वर. स्वर्गमंडपात छताला गोल मोकळं ठेवलंय, दुपारच्या आधी पोचा. तिथं शिवासमोर नंदी नाही, लोक सांगतात तो आपल्या चिक्कोडी तालुक्यात यडूरला आहे, म्हणून येताना यडूर करूनच या, वाटेत ऊसाच्या ट्रॅक्टरांना जागा देत.

त्या आज्जीच्या गावाला मी जत्रेच्या आधी गेलो होतो, ह्या वर्षी. दगड धुतलेला, ओला, तिरपं ऊन. पट्ट्या चार निघाल्या. खालच्या पट्टीत उजव्या कोपऱ्यात एक वासरू आहे, मान वळवून मागं बघणारं, अंगठ्याएवढं. आणि त्याच्याही खाली काहीतरी आहे, खुरं दिसतात, बाकीचं मातीत गेलंय. आज्जी म्हणाली उकरायचं नाही हां. नाही उकरलं.